पंचवीस चुली

असामेर आणि अमालू ही एकाच डोंगराची दोन अंगं. असामेर उन्हाकडचं, अमालू सावलीकडचं. गाव मात्र एकच, आणि गावाची सभा भरायची ती असामेरला. शरदात गावाच्या वर्गणीतून बैल कापले जात, दर घराचा वाटा नेच्याच्या पानांवर मांडला जाई, आणि चिठ्ठ्या टाकून कुणाचा कुठला ते ठरे. तरी काळीज आणि मांडी उन्हाकडे जाई, मान आणि बरगड्या सावलीकडे येत. निव्वळ योगायोग, असं असामेरवाले छातीवर हात ठेवून सांगत. योगायोग इतका नेमाचा, की त्यावर घड्याळ लावावं.

बेलाईद फ्रान्समध्ये, ल्योंच्या एका कारखान्याचं भांडार आयुष्यभर सांभाळून, पेन्शन घेऊन अमालूला परतला आणि पहिल्याच वाटपाला त्यानं मानेचं हाड उचलून सगळ्यांसमोर विचारलं, की या डोंगरावरच्या एका बैलाला माना असतात तरी किती? लोक हसले. बेलाईद हसला नाही. वर्ष उलटायच्या आत सावलीकडच्या चौदा घरांनी वेगळी चूल मांडली, स्वतःची सभा केली, आणि बेलाईदला अमीन, म्हणजे गावचा कारभारी नेमलं.

वाटणीत कुसकुस शिजवायच्या दोन मोठ्या भांड्यांपैकी चिरलेलं अमालूला आलं. ढोल तिकडे राहिला, दांडकी इकडे आली. मयत न्यायची फळी एकच होती. ती काही असामेरच्या म्हाताऱ्यांनी सोडली नाही. तुमचं गाव नवं आहे, मरायची घाई करू नका, अगदीच लागली तर मागून न्या, म्हणाले. कायदे मात्र फुकट मिळाले. सभेला गैरहजर राहिला, दंड. झऱ्यावर भांडला, दंड. सगळ्यांनी मिळून करायच्या कामाला आला नाही, दंड. दंड भरला नाही तर वाळीत. बेलाईदनं असामेरचे कायदे जसेच्या तसे उचलले आणि घरी आल्यावर बायकोला सांगितलं, की वाटणीत खरी मालमत्ता आपल्याकडे आली.

राहता राहिली बलदिया. खालच्या शहरातल्या या कचेरीनं गाव म्हटलं तर गाव, नाहीतर नुसती वस्ती. बलदियाचा साहेब सी तहार, जाडजूड, भला माणूस. त्यानं बेलाईदला कॉफी पाजली आणि सरळ सांगितलं.

"पंचवीस चुली लागतात, अमीन. पंचवीस असतील तर पाण्याची टाकी, रस्ता, शिक्का, सगळं. नसतील तर तुम्ही असामेरचे. मी काही घरोघर हिंडत नाही, मला दम लागतो. शरदात तुमचं वाटप असेल तेव्हा येईन, नेच्यावरचे वाटे मोजीन, निघून जाईन. एक वाटा, एक चूल."

वाटे चौदा. बेलाईदनं घरी बसून गणित मांडलं. लग्न न झालेल्या मुलांना आणि आपल्या विधुर भावाला वेगळं दाखवलं, पोटासाठी मार्सेयला गेलेल्यांची कुलूपबंद घरं धरली, शेजारच्या लूनिसची सासू कायमची आलेली आहे म्हणून तिची एक धरली. ओढूनताणून अठरा झाल्या. अमालू गाव व्हायला सात चुली कमी पडत होत्या, आणि त्या सात चुलींनी बेलाईदची झोप खाल्ली.

त्यातच दा मोक्रानचं प्रकरण झालं.

दा मोक्रान हा बेलाईदचा थोरला भाऊ. बायको वारलेली, एकटा राहणारा पण वाटपात बेलाईदच्याच घरात धरलेला, जन्मात डोंगर न उतरलेला. जीभ अशी, की निवडुंगाच्या फळावर काटे कमी. सभेला बसायला दगडी बाकं बांधायचा दिवस ठरला, अख्खं गाव दगड वाहायला आलं, आणि हा आपल्या अंजिराखाली पाय पसरून बसला. निरोप धाडला, की चौदा घरांत निम्मे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना समोरासमोर बाकं कशाला बांधता? सभेनं एक बुधला ऑलिव्हच्या तेलाचा दंड केला. दा मोक्रान सभेत आला तो दंड भरायला नव्हे.

"बेलाईद, तुझं शेंबडं नाक पुसलंय मी. या बाहीनं. तू मला दंड करणार होय रे?"

सगळे बेलाईदकडे बघायला लागले. त्या बघण्यातला अर्थ त्याला नीट कळला. भावाला सोडलं तर उद्या लूनिस म्हणणार, मला का नाही? नव्या दुकानाची पहिली बोहनी जशी होईल तसा धंदा. बेलाईदनं स्वतःच उठून थोरल्या भावाला वाळीत टाकायचा ठराव मांडला. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याचा सलाम घ्यायचा नाही, त्याला विस्तव द्यायचा नाही. जोवर तो सभेत येऊन तेल भरत नाही आणि माफी मागत नाही, तोवर तो नाही असं समजायचं.

पहिले काही दिवस लोकांचे हाल झाले. जीभ सवयीनं सुटायची. लूनिसनं तर एकदा "दा मोक्रान, पाऊस येणार का?" असं विचारून टाकलं आणि मग, मी गाढवाला विचारलं, अशी शपथ घेतली. बेलाईदची बायको वर्दिया रोज कुसकुसची थाळी दिराच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवून यायची. बेलाईदनं हटकलं तर म्हणाली, मी कुणाला देत नाही, भिंतीवर ठेवते; भिंत वाळीत असेल तर सांगा.

मग हळूहळू जमायला लागलं, आणि जमायला लागल्यावर लोकांना त्याचा अभिमान वाटू लागला. असामेरला म्हणे वाळीत टाकलेल्या माणसाकडे लोक चोरून बघतात; आपल्याकडे नजरसुद्धा वळत नाही. एक दिवस लूनिस गल्लीतून सरळ चालत गेला आणि दा मोक्रानला काट्यात उतरावं लागलं. ते बघणाऱ्यांनी लूनिसची पाठ थोपटली. लूनिस गोंधळला. कशाबद्दल, म्हणाला. गल्लीत कुणी नव्हतंच. तो थट्टा करत नव्हता.

बेलाईदनं ते हसण्यावारी नेलं. पण दोन-चार दिवसांनी तो झऱ्यावर गेला तेव्हा दगडावर एक मडकं भरत होतं. पाणी काठोकाठ आलं, मडकं उचललं गेलं, पायवाटेनं वर गेलं. बेलाईद ओंजळ भरून पाणी प्यायला, आणि अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं, की आपण मडकं पाहिलं, हात पाहिला नाही.

त्या शुक्रवारी दा मोक्रान सभेत आला.

दुपारच्या नमाजानंतर बाकं भरली होती. तो खांद्यावर तेलाचा बुधला घेऊन आला, हे निदान त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. बुधला मधल्या दगडावर ठेवून, डोक्यावरची टोपी काढून, तो उभा राहिला. म्हातारा खंगला होता.

"भावांनो, चुकलं माझं. दंड आणलाय. माफ करा."

कुणी हललं नाही. सगळ्यांना तोंड उघडायचं होतं, पण वाळीत टाकलेल्याशी बोलायचं नाही हा कायदा, आणि त्याला माफ केलं हे सांगायचं तर त्याच्याशी बोलावं लागणार. असामेरला ही अडचण कधी येत नसे. तिथे अशा वेळी दुसऱ्या कुळाचा एखादा परका म्हातारा मध्यस्थ म्हणून बसे; वाळीतला माणूस त्याला सांगे, तो सभेला सांगे, सभा त्याला सांगे. हे कायद्यात नव्हतं, रीतीतच होतं, म्हणून बेलाईदनं उचललेल्या मालात ते आलंच नाही. आणि अमालूत तर चौदाच्या चौदा घरं एका कुळाची. परका आणायचा कुठून?

बेलाईदच्या मनात आलं, की एक शब्द बोलून टाकावा. मग मनात आलं, अमीननंच कायदा मोडला तर उद्या सी तहारसमोर कुठल्या तोंडानं गाव म्हणून उभं राहायचं? पुढच्या शुक्रवारी कायद्यात दुरुस्ती करू, मग रीतसर बोलू. आठवडाभरानं काय बिघडतंय? तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

दा मोक्राननं बराच वेळ वाट पाहिली. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग टोपी घातली आणि सभेच्या कमानीतून बाहेर पडला. बुधला तिथेच राहिला. वाळीतल्याच्या वस्तूला हात कोण लावणार?

दुरुस्ती मात्र पुढच्या शुक्रवारी पाच मिनिटांत झाली. ठराव रद्द, दा मोक्रान मोकळा. बेलाईद स्वतः कोकराची मांडी घेऊन भावाकडे गेला. दा मोक्रान अंजिराखाली टोपली विणत होता.

"दा, झालं गेलं संपलं. चल जेवायला," बेलाईद म्हणाला.

दा मोक्राननं वेताची काडी दाताखाली धरून वाकवली. बेलाईदनं आवाज चढवला. मग त्याच्या समोर बसला. भावाचे डोळे त्याच्या तोंडावरून असे गेले, जसे पलीकडच्या डोंगरावर जाताना मधल्या हवेवरून जातात. रुसलाय म्हातारा, नाटकं करतोय, असं म्हणून बेलाईदनं हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दा मोक्राननं आपला लोकरी झगा, बुर्नूस, अंगाभोवती ओढून घेतला आणि आभाळाकडे पाहिलं, वारा कुठून सुटला ते बघितल्यासारखं.

घरी आल्यावर बेलाईदनं वर्दियाला सांगितलं, की तो आपल्याला धडा शिकवतोय. वर्दिया म्हणाली, शिकवणारा माणूस मधूनच चोरून बघतो, शिकतोय का ते. भाऊजींनी बघितलं का?

लोकांनी आधी थट्टा केली. म्हाताऱ्यानं गावाला वाळीत टाकलं, म्हणाले. कुणी त्याच्या तोंडासमोर टाळ्या वाजवल्या, कुणी त्याच्या मयत बायकोबद्दल वावगं बोलून पाहिलं. त्यानं पापणी लववली नाही. तो इकडेतिकडे फिरायचा, उघड्या दारांतून आत डोकवायचा, माणसांनी भरलेल्या घरात उभा राहून हळहळायचा. लूनिसच्या घराची भिंत फुगली होती. दा मोक्रान आला आणि जेवत बसलेल्या माणसांच्या मधून तुळई आत नेऊन त्यानं भिंतीला टेकू दिला. जाताना म्हणाला, बिचारे कुठे गेले कोण जाणे, घर तरी राहायला हवं. लूनिसच्या हातातला घास तसाच राहिला.

मग शुक्रवारची गोष्ट सुरू झाली. सभा संपून लोक उठले, की दा मोक्रान रिकाम्या बाकांपाशी यायचा, अमीनच्या जागी बसायचा आणि हजेरी घ्यायचा. एकेका घराचं नाव घ्यायचा, माणसाला उत्तर द्यायला लागेल तेवढा थांबायचा, आणि म्हणायचा, गैरहजर. लोक कमानीच्या आडोशानं बघत. आपलं नाव आलं की जो तो मान पुढे काढायचा. एक-दोघांनी तर तिथूनच "हजर आहे, दा!" म्हणून ओरडून पाहिलं. दा मोक्रान तेवढाच थांबला आणि म्हणाला, गैरहजर. हजेरीनंतर तो कामं ठरवायचा: झरा साफ करायचा, वाटेवरचा दगड हलवायचा. आणि पुढच्या शुक्रवारच्या आत ती सगळी एकटा करायचा. बेलाईदच्या सभेत झऱ्याचं काम दोनदा पुढे ढकललं गेलं होतं, ही गोष्ट लोक बेलाईदसमोर बोलत नसत, एवढंच.

पण एका माणसानं सभा कशी चालणार? हे दा मोक्रानच्याही ध्यानात आलं असावं.

गावाच्या वरच्या अंगाला, ओकच्या झाडांत, जुन्या घरांचे चौथरे आहेत. कुणाचे ते कुणी सांगत नाही. बायका तिकडे लाकडं तोडत नाहीत, आणि गरम पाणी ओतायचं झालं तर आधी तिकडच्या बाजूला तोंड करून माफी मागतात. आयांनी केलं म्हणून लेकी करतात. दा मोक्रान त्या चौथऱ्यांवरची झुडपं काढू लागला. उंबरे धुतले. मग त्यानं सभेतल्या दगडावरचा तेलाचा बुधला उचलून नेला, आणि भर दुपारी, उन्हात, त्या उंबऱ्यांवर पणत्या दिसायला लागल्या. ज्योती सरळ उभ्या असत. खाली गावात वाऱ्यानं कपडे उडत असले तरी.

त्यानंतरच्या शुक्रवारी हजेरीत चौदा नावं झाल्यावर दा मोक्रान थांबला नाही.

"मेझ्झूचं घर," तो म्हणाला.

असलं नाव आता कुणी ठेवत नाही. बेलाईद कमानीमागून बघत होता. दा मोक्रान थांबला. मग त्यानं समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहून मान हलवली, आपण ओळखीच्याला हलवतो तशी.

"हजर," म्हणाला, आणि पुढचं नाव घेतलं.

बेलाईदला काही ऐकू आलं नव्हतं. पण दर नावानंतर थांबणं आता सारखं नव्हतं. कुठे लगेच, कुठे जरा वेळानं, एकदा तर दोनदा विचारून. खोटी हजेरी घेणारा माणूस एका तालात घेतो. भांडारात अशा हजेऱ्या बेलाईदनं पुष्कळ पाहिल्या होत्या. ही खोटी नव्हती.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. वाटप तोंडावर आलं होतं. सी तहार येणार, चुली मोजणार, आणि गावात एक म्हातारा ओकच्या झाडांना हजर म्हणतोय. असामेरवाले हसून हसून डोंगर उतरतील. त्यानं वर्दियाला सांगितलं, की याला परत शुद्धीवर आणायला मध्यस्थ हवा, आणि अमालूत तर सगळे एका कुळाचे.

"सगळे म्हणजे कोण?" वर्दियानं विचारलं. ती नदीपलीकडच्या गावची. "मी तुमच्या कुळाची केव्हा झाले? चौदा घरांत चौदा परक्या बायका आहेत. तीस वर्षं तुमच्या ताटात वाढतायत. दिसल्या नाहीत का?"

"बायका सभेत येत नाहीत."

"मग बसा अठरा चुली मोजत."

शुक्रवारी सगळा पुरुषवर्ग बाकांपाशी भिंतीला टेकून उभा राहिला. दा मोक्रान येऊन बसला, आणि वर्दिया पदराला पीठ पुसत कमानीतून आत गेली. अमालूच्या सभेत बाई पहिल्यांदाच जात होती, पण कुणी ते बोलून दाखवलं नाही.

"भाऊजी, सलाम," ती म्हणाली.

दा मोक्राननं वर पाहिलं. त्याचे डोळे तिच्यावर येऊन थांबले. इतक्या दिवसांत कुणावर थांबले नव्हते.

"वर्दिया? तू गेली नाहीस होय? मी म्हणतोय, भिंतीवर थाळी ठेवतं कोण?"

"मी कुठे जाणार? तुमचे भाऊ आलेत. सगळे इथंच उभे आहेत. त्यांचं चुकलं म्हणतायत."

"बेलाईदपण?"

"ते सगळ्यांत जास्त."

बेलाईदनं असं काही म्हटलं नव्हतं, पण त्यानं मान डोलावली.

दा मोक्राननं विचार केला. मग तो म्हणाला, की येऊ देत, माझं काही भांडण नाही. पण बाकं आता रिकामी नाहीत. मी हाक मारली तेव्हा हे आले नाहीत, दुसरे आले. आलेल्यांना उठवणार नाही. ह्यांना यायचं तर त्यांच्या शेजारी बसावं लागेल, आणि त्यांची नावं सभेत कायमची राहतील. वर्दियानं ते वळून पुरुषांना सांगितलं, जसं काही त्यांनी ऐकलंच नव्हतं. मध्यस्थीची रीतच तशी.

"विचार त्याला," बेलाईद म्हणाला, "किती घरं आहेत ती?"

तिनं विचारलं.

"पंधरा," दा मोक्रान म्हणाला.

चौदा आणि पंधरा. बेलाईदच्या डोक्यात आकडा पडला आणि छातीत काहीतरी उजळलं. लूनिसनं त्याची बाही धरली. भलतं कबूल करू नको, कोण आहेत ते माहीत नाही, म्हणाला. बेलाईदनं बाही सोडवून घेतली.

"नावं आहेत नुसती, लूनिस. नावं काय खातात?"

"वाटा मांडावा लागेल."

"मांडू. सी तहारला वाटे मोजायचे आहेत, तोंडं नाही."

असामेरच्या सभेत एकमत लागतं. एक म्हातारा अडला तरी ठराव अडतो. बेलाईदनं अमालूत फ्रान्समधल्या कामगार संघटनेसारखं बहुमत आणलं होतं, आणि असामेरच्या मालात एवढी एकच सुधारणा आपण केली, असं तो अभिमानानं सांगायचा. त्यानं तिथल्या तिथे हात वर करायला सांगितलं. आठ विरुद्ध सहा. पंधरा घरं अमालूच्या सभेत दाखल झाली.

वर्दियानं तसं दिराला सांगितलं. दा मोक्राननं हजेरी घ्यायला सुरुवात केली. लूनिसचं नाव आलं, लूनिस घोगऱ्या आवाजात हजर म्हणाला, आणि म्हाताऱ्याची मान त्याच्याकडे वळली. तेव्हा लूनिस रडला. एकेक करत बेलाईदची पाळी आली.

"आलास? वाळलास रे," दा मोक्रान म्हणाला, आणि शेजारी सरकून त्यानं जागा केली. उजवीकडे. डावीकडे तो सरकला नाही.

वाटपाचा दिवस चांगला उघडला. तीन बैल कापले, एकोणतीस वाटे नेच्यावर मांडले, आणि या खेपेला काळीज सगळ्यांत सारखं वाटलं गेलं. असामेरचे म्हातारे पाहुणे म्हणून आले होते. वाट्यांच्या ओळी बघून त्यांचे चेहरे पडले. ते बघायला बेलाईदनं पेन्शन दिली असती. सी तहार धापा टाकत आला, काठीनं वाटे मोजत गेला आणि म्हणाला, एवढी माणसं कुठे राहतात हो? बेलाईदनं ओकच्या झाडांकडे हात केला. लाजाळू आहेत, म्हणाला. सी तहारनं वर पाहिलं, भर दुपारच्या पणत्या पाहिल्या आणि कोटाची सगळी बटणं लावली. वर जायची त्याला गरज वाटली नाही. कागदावर शिक्का त्यानं तिथेच, गुडघ्यावर ठेवून मारला आणि कॉफीला थांबला नाही.

मग दा मोक्राननं नावं पुकारली. चौदा घरांनी आपले वाटे उचलले. उरलेल्या पंधरांची नावं घ्यायच्या आधी तो म्हणाला, सगळ्यांनी दरीकडे तोंड करा. सगळ्यांनी केलं. बेलाईदच्या मागे कुणाची पावलं वाजली नाहीत, पण नेच्याची पानं चुरगळल्याचा वास आला, आणि असामेरचा एक म्हातारा हळूच, शाळकरी पोरासारखा, प्रार्थना पुटपुटू लागला. वळून पाहिलं तेव्हा पंधरा ठिकाणी नुसता हिरवा नेचा होता. रक्ताचा डागसुद्धा नव्हता. गावातली कुत्री लांब उभी राहून बघत होती. एकही पुढे आलं नाही.

नावं काय खातात ते कळलं, असं लूनिस म्हणाला. बेलाईदनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याच्या खिशात शिक्क्याचा कागद होता, आणि अमालू गाव झालं होतं.

गाव झाल्यानंतरच्या पहिल्या सभेत विषय एकच, पाण्याची टाकी कुठे बांधायची. बेलाईदनं ओकच्या खालचं सपाट मैदान सुचवलं. उजव्या बाकांवरच्या चौदांनी हात वर केले. दा मोक्रान डावीकडे वळला आणि ऐकू लागला. तो बराच वेळ ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती स्थिर झाली.

"टाकीच्या आधी त्यांचा एक विषय आहे," तो म्हणाला.

"काय?"

"विचारतायत, या नव्या लोकांनी इथं घरं बांधली ती कुणाला विचारून? आणि ती राहू द्यायची का?"

बेलाईद हसला. नवे कोण? आमच्या खापरपणजोबांपासूनची घरं आहेत, असं तो बोलू लागला. दा मोक्राननं हात वर करून त्याला थांबवलं.

"मला सांगून उपयोग नाही. तुझा आवाज त्यांना पोचत नाही. मध्यस्थ बोलव."

वर्दियाला चुलीपुढून उठवून आणलं. ती दोन्ही बाकांच्या मधल्या दगडावर बसली, आणि बेलाईदची बाजू तिनं चांगली मांडली, त्याच्यापेक्षा चांगली: पिढ्या, जमीन, झाडं, झरा. मग तिनं डावीकडे कान दिला. आधी ती मान हलवत होती, बाजारात भाव ऐकावा तशी. मग मान हलायची थांबली.

"केव्हा?" तिनं रिकाम्या बाकाला विचारलं. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "लेकरंसुद्धा?"

उजव्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांपैकी दोघांनी मान खाली घातली. त्यांना काहीतरी माहीत आहे हे बेलाईदला त्या क्षणी कळलं. त्यानं भावाकडे पाहिलं. दा मोक्रान दोन्ही बाजूंना सारखाच दिसेल असा मधोमध, सरळ बसला होता. अमीननं बसावं तसा.

वर्दिया बेलाईदकडे वळली. तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. रागानं नाही, मायेनंही नाही. परक्या गावच्या माणसाकडे मध्यस्थ बघतो, तसं.

"त्यांचं म्हणणं खरं आहे," ती म्हणाली. "आता मतं घ्या."